मास्तरांचा गुरुवार

कापायच्या टेबलाभोवती सगळ्यांना बसायला स्टुलं होती, मास्तरांना नव्हतं. असं कुणी ठरवलं नव्हतं. मास्तर उभ्यानेच कापड बेतत, उभ्यानेच चहा पीत, आणि दर गुरुवारी संध्याकाळी यंत्रांची घरघर थांबली की त्याच टेबलाच्या डोक्याशी, त्याच जागी उभे राहून संस्थेची बैठक चालवत. इतरांचं काम संपलेलं असे म्हणून ते बसत. मास्तरांच्या लेखी त्यांचं खरं काम तेव्हा सुरू होई.

संस्था म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, रस्त्याच्या अंगाला खिडक्या, आत शिलाई यंत्रांच्या रांगा आणि मागच्या कोपऱ्यात इस्त्रीचं लांब बाकडं. दवाखान्यांचे आणि शाळांचे गणवेश इथे शिवले जात. ही संस्था कामगारांनीच काढली होती. मालक कुणी नव्हता, त्यामुळे सगळेच मालक होते, आणि सगळेच मालक असल्यामुळे साधी खुर्ची हलवायची झाली तरी गुरुवारी विचारावं लागे. मास्तरांना ही व्यवस्था फार आवडे. आयुष्यात फार थोड्या गोष्टी त्यांना विचारून झाल्या होत्या.

ते एका लहानशा गावातून मामाच्या हाताखाली शिवण शिकायला शहरात आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. मामा गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून माप सांगे. भाच्याने ते लिहिण्याआधी मोठ्यांदा मागे म्हणायचं, मामाने 'हो' म्हणायचं, आणि मगच ते लिहायचं, असा दुकानाचा रिवाज होता. एकदा 'हो' आला की विषय मिटला. पुढे बाही आखूड झाली तर दोष गिऱ्हाइकाच्या हाताचा. भाचा येण्यापूर्वी माप मागे न म्हणता बेतलेला एक कोट वाया गेला होता. त्या कोटाची चिंधी मामाने आरशाच्या खिळ्याला टांगून ठेवली होती, येता-जाता पोराला दिसावी म्हणून. पोराच्या डोळ्यांसमोरून ती पुढे कधी हलली नाही. ही शिस्त त्याच्या इतकी अंगवळणी पडली की मोठेपणी, मास्तर झाल्यावर, तो माणसांचं बोलणंही मागे म्हणू लागला.

गुरुवारची बैठक अशी चाले. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण आळीपाळीने बोले. त्याचं बोलणं जरा थांबलं की मास्तर म्हणत, "म्हणजे बाकड्यावरचं कापड करपलंय, नवीन घालायला हवं." तो म्हणे, "हो." मास्तर टेबलाच्या कडेवर खडूची एक रेघ ओढत आणि मान पुढच्या माणसाकडे वळवत. कुणी पाल्हाळ लावत नसे, कुणाचं भांडण होत नसे, आणि पातेल्यातला चहा निवायच्या आत सगळं ठरून जाई. बाहेर इतर संस्थांच्या सभांत लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, असं मास्तरांच्या कानावर येई, तेव्हा ते मनातल्या मनात मामाला नमस्कार करत.

बैठक संपली की माणसं जिना उतरून पांगत. मास्तर मागे राहत. कात्र्यांना तेल देत, खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसत, खिडक्या लावत. घरी जायची त्यांना कधीच घाई नसे. घरी एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पत्नीच्या मागे तिच्याच जागी राहिलेल्या वस्तू होत्या. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. रविवारी तिचा फोन येई. शेजारी चांगले होते, म्हणजे जिन्यात भेटले तर हसत. तेव्हा आठवड्याच्या सगळ्या वारांमध्ये गुरुवार तेवढा असा होता, की त्या दिवशी एकामागून एक माणूस मास्तरांच्या तोंडाकडे पाहून बोले. बुधवारी रात्री ते सदऱ्याला इस्त्री करून ठेवत.

हे सगळं असं सुरळीत चाललेलं असताना दोन शिवणाऱ्या बाया एकाच महिन्यात काम सोडून गेल्या, आणि जाताना कारण म्हणून त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. त्यानंतरच्या एका दुपारी संस्थेची चिटणीस मास्तरांच्या टेबलाशी आली. ती स्वतः यंत्रावर बसे आणि वर संस्थेचं लिहिण्याबोलण्याचं कामही पाही; वयाने मास्तरांच्या मुलीएवढी, पण बोलायला मोजकी. तिने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा होता, की आपल्या बैठकीत कुणी काही बोलत नाही, जे बोलायचं ते नंतर जिन्यात बोललं जातं, आणि बैठका चालवून देणं हाच व्यवसाय असलेल्या एक बाई तिच्या माहितीत आहेत. त्यांना काही महिने बोलवावं.

मास्तरांच्या हातातला खडू कापडावर तसाच थांबला. "बैठकीत सगळे बोलतात," ते म्हणाले. "कुणाला वगळलंय असं एकदा तरी झालंय का?"

"नाही झालं. पण त्या दोघी का गेल्या ते बैठकीला कळलं नाही, मास्तर. जिन्याला माहीत होतं."

सकाळी लवकर काम सुरू करायचं ठरलं होतं, आणि त्या दोघींची मुलं त्याच वेळी शाळेला निघत. त्यांनी ते बैठकीत सांगितलंही होतं. मास्तर म्हणाले, सांगितलं होतं हे मलाही आठवतं, पण शेवटी त्या 'हो' म्हणाल्या होत्या. चिटणीस म्हणाली, त्या म्हणाल्या होत्या खऱ्या. मग टेप गुंडाळत ती पुढे म्हणाली, "एक गुरुवार कच्चा टाका घालून बघू. नाही बसलं तर उसवू."

कच्च्या टाक्याला नाही कसं म्हणायचं? मास्तरांनी बैठकीत विषय मांडला. इस्त्रीवाल्याने, ज्याला सगळे वाफ्या म्हणत, लगेच तोंड सोडलं. "शिवायला माणूस मिळेना, आणि आता ऐकायला माणूस भाड्याने आणायचा." सगळे हसले, मास्तर जरा जास्तच हसले. तरीही एका गुरुवारासाठी बाईंना बोलवायचं ठरलं, कारण नको असं कुणीच म्हणालं नाही, आणि कुणी म्हणेल म्हणून मास्तर वाट पाहत राहिले होते.

बाई आल्या त्या एकट्याच, खांद्याला एक साधी पिशवी. मास्तरांनी त्यांना टेबलाच्या डोक्याशी जागा करून दिली, पण त्यांनी एक स्टूल ओढलं आणि दोन शिवणाऱ्यांच्या मधे जाऊन बसल्या. टेबलाचं डोकं रिकामं पडलं. मास्तरांना तिथे उभं राहणंही प्रशस्त वाटेना आणि बसायला तर त्यांच्यासाठी स्टूलच नव्हतं, म्हणून ते खिडकीपाशी जाऊन कठड्याला टेकले. तिथून त्यांना सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या.

बाई म्हणाल्या, आज काहीही ठरवायचं नाही. प्रत्येकाने फक्त इतकंच सांगायचं, की इथे काम करताना कोणती गोष्ट बोलायची राहून गेली.

त्यानंतर त्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. मास्तर बारकाईने पाहत होते. त्यांना त्या बाईंचं कसब पाहायचं होतं. माणूस बोलून थांबला की बाई त्याच्याकडे बघत नुसत्या बसून राहत. गावी खोल विहिरीत खडा टाकून पोरं कठड्यावर कान देऊन थांबत, तसं ते थांबणं होतं. शेवटी त्या हळूच म्हणत, "आणखी?" आणि पुन्हा थांबत.

वाफ्याने नेहमीप्रमाणे थट्टेने सुरुवात केली. "आणखी काय बाई, पगार वाढवा म्हणावं तर मालक आम्हीच." बाईही हसल्या. हसणं ओसरलं तरी त्या वाफ्याकडेच बघत होत्या. वाफ्याने मान खाजवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तो खालच्या आवाजात म्हणाला की दुपारी वाफेने त्याला गरगरतं, तो जिन्यात जाऊन बसतो, आणि कामचुकार म्हणतील म्हणून हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

मग काकूंची पाळी आली. काकू काज-बटणाच्या यंत्रावर बसत. मास्तरांच्याच वयाच्या, संस्था निघाली त्या दिवसापासूनच्या. पूर्वी जिभेने तिखट होत्या, अलीकडे गप्प झाल्या होत्या. वय झालं, असं मास्तरांना वाटे. मागे एकदा बैठकीत त्या डोळे दुखतात असं काहीतरी म्हणाल्या होत्या. "म्हणजे काकूंना दिवा हवा," मास्तरांनी मागे म्हटलं होतं. काकू 'हो' म्हणाल्या होत्या, आणि मास्तरांनी स्वतः बाजारात जाऊन चांगला वाकता दिवा आणला होता, यंत्राशेजारी दुसरा प्लग नव्हता म्हणून पलीकडच्या प्लगपासून पोचेल अशा लांब वायरीच्या प्लगफळीसकट. तो लावून देताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

"तो दिवा," काकू आता बाईंना म्हणाल्या, "चांगला आहे."

बाई थांबल्या. काकूही थांबल्या. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"दिवा मला नको होता," काकू म्हणाल्या. "माझं यंत्र भिंतीला लावलंय. वीज तिथे आहे म्हणून. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. मागे सगळे हसतात, तेव्हा कशाला हसले ते मला कळत नाही. वळून विचारेपर्यंत हसणं संपलेलं असतं. मग काय विचारायचं?"

खिडकीपाशी टेकलेल्या मास्तरांना राहवलं नाही. "मग काकू, तेव्हा हो कशाला म्हणालात?"

काकू त्यांच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना ते सोपं गेलं असतं. "तुम्ही मागे म्हटलंत ना, मास्तर. मागे म्हटलं की हो म्हणायचं, हे इथे आल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत."

या वेळी कुणी हसलं नाही, वाफ्याही नाही.

जाताना बाई जिन्याच्या तोंडाशी मास्तरांजवळ थांबल्या. इतकी वर्षं दर आठवड्याला न चुकता बैठक भरते अशी जागा आपण फार कमी पाहिली, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यावर मान हलवली. आजाऱ्याला तब्येत सुधारली म्हणतात, तसं ते त्यांच्या कानांना लागलं. बाईंना ठेवायचं की नाही हे पुढच्या गुरुवारी ठरायचं होतं, त्या नसताना. आणि ती बैठक चालवायची होती मास्तरांनाच.

तो आठवडा त्यांनी घुश्शात काढला. मागे म्हणण्यात गैर ते काय? माणसाचं बोलणं नीट ऐकलं हेच तर त्यातून कळतं. आणि ती बाई काय करते, तर गप्प बसते. गप्प बसायला कुणीही बसेल. काकूंचं यंत्र भिंतीशीच होतं. मास्तरांनी सांगितल्याशिवाय इथे यंत्र हलत नसे, आणि मास्तर सांगत नव्हते. आपण ते मुद्दाम करत नाही आहोत असं ते स्वतःला बजावत होते, पण दुपारी त्या कोपऱ्यावरून जाताना त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळे. कापडाचे थर कापता कापता मधेच त्यांना आठवे, की त्या दोघी बाया बोलल्या तेव्हा आपण काय म्हणालो होतो. "म्हणजे सकाळी जरा अडचण आहे, पण जमेल." त्यातलं 'पण जमेल' त्या बायांचं नव्हतं. ते आपल्याच पदरचं होतं. ते आठवलं की मास्तर कात्री खाली ठेवत आणि उगीचच धार तपासत.

रविवारी मुलीचा फोन आला. तो नेहमी एकाच वळणाने जाई. ती चार गोष्टी सांगे, मास्तर म्हणत, "म्हणजे तुमचं सगळं बरं आहे, मुलाचा खोकला गेला, जावईबापू कामात आहेत." ती म्हणे, "हो, बाबा." मग फोन ठेवायचा. याही वेळी तिने खोकल्याचं सांगितलं, नवऱ्याच्या बदललेल्या पाळीचं सांगितलं, आणि ती थांबली. 'म्हणजे' मास्तरांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. पत्नीच्या पश्चात भिंतीवर राहिलेलं घड्याळ एवढ्या मोठ्यांदा वाजतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"काही नाही," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "संध्याकाळी कामावरून आले ना बाबा, की मी लगेच वर जात नाही. खाली जिन्यात बसते थोडा वेळ. उगीच. वर गेलं की सगळ्यांचं सुरू होतं."

मी पण लवकर घरी जात नाही, हे वाक्य मास्तरांच्या मनात आलं. पण ते काही तिच्या बोलण्याचं उत्तर नव्हतं. "बस," ते शेवटी म्हणाले. "थोडा वेळ बसावं." ती किंचित हसली असावी. फोन ठेवल्यावर त्यांना पत्नी आठवली. तिची आईही त्यांच्या प्रत्येक 'म्हणजे'ला 'हो' म्हणत आली होती. आपला संसार बिनभांडणाचा झाला, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत. आता त्या इतक्या 'हो'मागे काय काय होतं, ते विचारायला माणूसच उरलं नव्हतं.

गुरुवारी त्यांनी बैठक सुरू केली. विषय एकच होता. मास्तर टेबलाच्या डोक्याशी उभे राहिले, खडू हातात घेतला, आणि एकेकाला विचारत गेले. कुणाचंही बोलणं त्यांनी मागे म्हटलं नाही. ते त्यांच्या फार जिवावर आलं. वाफ्या म्हणाला, बाई बऱ्या आहेत, पण बाहेरच्या आहेत. आपल्या घरातली उणीदुणी परक्याने का ऐकावी? मास्तरांना आत कुठेतरी उभारी वाटली. त्यांनी तिथेच 'म्हणजे नको' म्हटलं असतं तर वाफ्या 'हो' म्हणाला असता, आणि पुढचे त्याच्यामागोमाग गेले असते. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं, हे मास्तरांना लख्ख दिसलं. ते थांबले. वाफ्या थोड्या वेळाने म्हणाला, "पण गरगरण्याचं मी परक्यापुढेच बोललो, हेही आहे."

काकू म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही वाईट चालवता असं कुणी म्हणत नाही. तुम्ही चालवता तेव्हा आमचं तुम्हाला कळत नाही आणि तुमचं आम्हाला, एवढंच."

फेरी पुरी झाली. मास्तर आता समारोप करणार, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. चिटणीस म्हणाली, "मास्तर, तुमचं काय?"

हा प्रश्न त्यांना या टेबलाशी कधी कुणी विचारला नव्हता. पाळी टेबलाभोवती फिरे आणि त्यांच्यापाशी येऊन संपे. त्यांनी खडू बोटांत फिरवला. संस्थेच्या हिताचं, शिस्तीचं, परक्या माणसाच्या धोक्याचं असं बरंच काही त्यांनी आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीही तोंडातून आलं नाही.

"मला नकोयत त्या बाई," ते म्हणाले. "गुरुवार सोडला तर माझ्याशी कुणी बोलत नाही."

कुणी 'असं कसं मास्तर' म्हणालं नाही. कुणी समजूत घातली नाही. एकाच बैठकीत सगळे थांबायला शिकले होते, आणि ते थांबणं आता मास्तरांच्या वाट्याला आलं. ते त्यांना सोसवेना. खाली बघावं तर टेबलाच्या कडेवर जुन्या खडूचा पांढुरका थर बसला होता, कितीही पुसला तरी न गेलेला.

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

मग हात वर झाले. बाईंना थंडी सरेपर्यंत बोलवायचं ठरलं. हात मोजायला मास्तर होते, त्यामुळे त्यांचा स्वतःचा हात वर गेला होता की नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं उतरली. जिन्यात वाफ्याने काहीतरी म्हटलं आणि हशा पिकला. कशावरून, ते मास्तरांना वरून कळलं नाही. त्यांनी कात्र्यांना तेल दिलं, खिडक्या लावल्या. पुढच्या गुरुवारी बसायला आपल्याला एक स्टूल लागेल, हे त्यांच्या मनात आलं. इस्त्रीच्या बाकड्याखाली एक मोडकं पडलेलं होतं. त्याचा पाय ठोकून घेतला की चालणार होतं.

ते काकूंच्या कोपऱ्यात गेले. दिव्याची लांब वायर सोडवली आणि तिच्या फळीला यंत्राची वायर जोडून पाहिली. दूरपर्यंत पुरत होती. यंत्र जड होतं. एकट्याने एकेक पाय उचलून, फरशीवर कचकच आवाज करत त्यांनी ते पुरतं फिरवलं, तेव्हा त्यांना दम लागला. म्हणून ते काकूंच्या स्टुलावर बसले.

तिथून सगळं दालन दिसत होतं. यंत्रांच्या रांगा, त्यांवर घातलेली कापडं, कापायचं टेबल, टेबलाभोवती निघून गेलेल्या माणसांनी तशीच सोडलेली वाकडीतिकडी स्टुलं, आणि टेबलाच्या डोक्याशी ती मोकळी जागा, जिथे उभं राहून त्यांनी इतकी वर्षं या कोपऱ्याकडे पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांना एक पाठ दिसली होती. उद्या सकाळी काकू इथे बसल्या की त्यांना समोर कोण दिसेल, याचा मास्तरांनी विचार केला. मग उठून त्यांनी दिवा बंद केला.